लेकरू शहरात शिकायला निघते तेव्हा



मृगाचा पाऊस पडला की आपल्याला दुसरे काही सुचत नाही. बियाणे, खत, वखरणी, पेरणी यांतच दिवस जातो. पण याच दिवसांत अनेक घरांत आणखी एक घाई चाललेली असते. बारावीचा निकाल हाती आलेला असतो आणि प्रवेशाच्या याद्यांकडे डोळे लागलेले असतात. कोणाचा मुलगा इंजिनिअरिंगला जायचा असतो, कोणाची मुलगी नर्सिंगला, तर कोणाला शेतकीच्या पदवीला नंबर लागण्याची आशा असते. या सदरात आपण नेहमी पिकांविषयी बोलतो. आज मात्र घराबाहेर पडणाऱ्या लेकरांविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

माझे बिऱ्हाड नागपूरच्या प्रतापनगर भागात आहे. जून ते ऑगस्ट या काळात प्रतापनगर चौकात ऑटोतून उतरणारी माणसे मी दर वर्षी पाहतो. एक बॅग, गादीची वळकटी, गहू-तांदळाचा कट्टा आणि सोबत बाप किंवा आई. कोणी काटोल-नरखेडकडचे, कोणी यवतमाळ-वर्ध्याकडचे, कोणी भंडारा-गोंदियाचे, तर कोणी थेट गडचिरोलीहून आलेले. हा भाग रिंग रोडवर आहे. खामला, त्रिमूर्तीनगर, बजाजनगर या वस्त्या लागूनच आहेत आणि व्हीएनआयटी व दीक्षाभूमीही फार दूर नाहीत. त्यामुळे येथे किरायाच्या खोल्या आणि डबे पुरवणाऱ्या खानावळी भरपूर मिळतात.

या मुलांपैकी बहुतेक जण रुळतात. काही मात्र दिवाळीला घरी जातात आणि परत येत नाहीत. ती मुले बुद्धीने कमी असतात असे मुळीच नाही. पहिल्या तीन महिन्यांत त्यांची घडी बसत नाही, एवढेच. धानाची रोवणी झाल्यावर पऱ्हे आठ-दहा दिवस पिवळे दिसते, हे भंडाऱ्याच्या कास्तकाराला सांगावे लागत नाही. त्या दिवसांत तो बांधीतले पाणी सांभाळतो, पण मूळ धरले की नाही हे पाहायला रोप उपटत नाही. मुलांच्या बाबतीतही तेवढीच समज हवी. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

कागदपत्रे गावातच पुरी करा

शहरात गेल्यावर एका दाखल्यासाठी पुन्हा तहसीलला यायचे म्हणजे दोन दिवसांचे वर्ग बुडतात आणि एसटीचे भाडे जाते ते वेगळेच. म्हणून उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका यांची फाइल आधीच तयार करावी. लागू असेल त्यांनी जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र व नॉन-क्रिमीलेअरही त्यात ठेवावे. पडताळणीला वेळ लागतो. ती अकरावीत असतानाच सुरू करावी. सातबारा आणि आठ-अ चे उतारेही सोबत द्यावेत. ज्यांची जमीन दोन हेक्टरपर्यंत आहे, त्यांनी अल्पभूधारकाचा दाखला जरूर काढावा.

हा दाखला कशासाठी, ते सांगतो. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने राज्यात वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर राहण्या-जेवण्यासाठी ठरावीक रक्कम मिळते. पंजाबराव स्वतः अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे, १८९८ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेले. विलायतेत शिकून आल्यावर त्यांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि पुढे १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्रिपद सांभाळले. खेड्यातल्या मुलाचे शिक्षण राहण्या-जेवण्यावाचून अडते, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावे लागतात. काही योजनांचे अर्ज मात्र वेगळ्या ठिकाणी असतात. कोणत्या योजनेचा अर्ज कोठे, कोणत्या तारखेपर्यंत आणि निकष काय, हे प्रवेशाच्या दिवशीच महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून लिहून घ्यावे. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. खाते मुलाच्या नावाचे असावे आणि आधार जोडले गेल्याची खात्री बँकेत जाऊन करावी. एवढ्या एका गोष्टीवाचून कित्येकांची शिष्यवृत्ती वर्षभर अडकते.

मूळ कागद कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत. महाविद्यालयाने मूळ प्रती जमा करून घेतल्या, तर पोच घ्यावी. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स काढाव्यात, एक संच घरी पेटीत ठेवावा आणि फोनमधल्या डिजिलॉकरमध्येही ठेवता येतील तेवढे ठेवावेत.

खोली पाहताना

प्रथम शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरावा. तेथे नंबर लागला नाही तरच किरायाची खोली पाहावी. खोली स्वस्त आहे पण महाविद्यालय दूर आहे, असा सौदा करू नये. वाचलेला किराया ऑटोत जातो आणि मुलाचा वेळ रस्त्यावर जातो. नागपूरची मेट्रो वर्धा रोडने आणि अंबाझरीच्या अंगाने जाते, प्रतापनगरात तिचे स्टेशन नाही. येथून आपली बस, शेअर ऑटो किंवा सायकल हाच मार्ग. जुनी पण चांगली सायकल घेऊन द्यावी. मोटारसायकलची घाई पहिल्या वर्षी करू नये.

खोली दिवसा पाहावी आणि सांजेलाही एकदा जाऊन पाहावी. पाणी किती वाजता येते, विजेचे मीटर वेगळे आहे का, युनिटचा दर काय लावतात, संडास-मोरी किती जणांत आहे, हे सरळ विचारावे. त्यात संकोच कसला? तळमजल्यावरची खोली असेल, तर पावसाळ्यात येथे पाणी शिरते का, हे शेजाऱ्यांना विचारावे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या चांगल्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले होते.

ॲडव्हान्स किती, तो केव्हा परत मिळणार, खोली सोडण्याआधी किती दिवस सांगायचे, हे कागदावर घ्यावे. भाडेकरार लेखी व नोंदणी केलेला असावा, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. त्याने घाबरू नये, ती आपल्याच सोयीची आहे. किराया रोख दिला तर पावती घ्यावी.

खोलीतला जोडीदार मात्र विचार करून निवडावा. आपल्याच गावचा असावा असा हट्ट नको. अभ्यासाची वेळ पाळणारा असावा. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील वसतिगृहात त्यांची नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी गाठ पडली. ना जात एक, ना गाव एक. पण ती मैत्री जन्मभर टिकली आणि पुढे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला जाताना भथेनांनीच त्यांना पैशाची मदत केली.

जेवण आणि प्रकृती

शहरात आलेले मूल प्रथम सकाळच्या जेवणात काटकसर करते. चहा-बिस्किटावर दुपार काढते आणि रात्री डब्यातल्या चार पोळ्या खाते. दोन महिन्यांत तोंड उतरते. म्हणून डबा दोन्ही वेळचा लावावा आणि पहिल्या महिन्याचेच पैसे आगाऊ द्यावेत, चार महिन्यांचे एकदम देऊ नयेत. खानावळ बदलावी लागली तर पैसे अडकतात. खोलीवर भाजलेले शेंगदाणे, गूळ, फुटाणे आणि भिजवायला हरभरे ठेवावेत. हे सर्व घरचेच आहे आणि खिशाला भार नाही. हंगामात रोज एक संत्रे खावे. संत्र्याच्या गावी राहून त्याकरिता कोणी सांगावे लागू नये.

नागपूरचा उन्हाळा तुम्हाला नवा नाही, पण पत्र्याखालच्या किंवा स्लॅबच्या खोलीत तो अधिक जाचतो. कूलर घेतला तर दोन गोष्टी पाळाव्यात. पाणी भरताना आधी बटण बंद करून प्लग काढावा, कारण कूलरच्या शॉकने दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. दुसरे, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण कोरडी करून घासावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला, तर मेडिकल स्टोअरमधून गोळी आणून भागवू नये. मेडिकल आणि मेयो ही दोन्ही मोठी शासकीय रुग्णालये नागपुरातच आहेत. तेथे जावे आणि घरी कळवावे.

पैशाचा हिशेब एकदाच, पण खरा

आपल्या घरात पैसा बारा महिने येत नाही. सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकते, कापूस त्यानंतर, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. महाविद्यालयाचे शुल्क मात्र पेरणीने हात रिकामा झालेला असतो नेमके तेव्हाच भरायचे असते. या एका पेचामुळे कित्येक जण सावकाराच्या दारात जातात. तसे करण्यापूर्वी तीन दारे ठोठावावीत. पहिले, महाविद्यालयात हप्ते पाडून देण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि शिष्यवृत्तीस पात्र असल्यास आज नेमके किती भरावे लागेल हे विचारावे. पुष्कळदा पूर्ण रक्कम भरण्याची गरज नसते. दुसरे, बँकेचे शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला साधारणपणे जमीन किंवा दागिने तारण ठेवावे लागत नाहीत आणि परतफेड शिक्षण संपल्यावर सुरू होते. तिसरे, पुढच्या वर्षासाठी सोयाबीनचे पैसे आले की त्यातला एक भाग लगेच वेगळ्या खात्यात टाकावा आणि त्याला जूनपर्यंत हात लावू नये.

घरखर्चाचे पान मुलासमोर बसून मांडावे. किराया, डबा, वीज, पुस्तके, प्रवास, औषध आणि थोडा वरखर्च असे सात रकाने करावेत. वर्षाला किती देता येईल तो आकडा मुलाला स्पष्ट सांगावा. लपवू नये, फुगवू नये. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे पाठवावेत. मुलाने आठवड्याचा खर्च वहीत लिहावा. फोनवर कोणी बँकेचा साहेब म्हणून ओटीपी मागितला किंवा घरबसल्या कामाचे आमिष दाखवले, तर फोन ठेवून द्यावा. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

वर्गातली भाषा

मराठीतून बारावी झालेल्या मुलाला पहिला धक्का बसतो तो इंग्रजीचा. गुरुजी बोलतात ते कानावर पडते, पण डोक्यात उतरत नाही. शेजारचा मुलगा भराभर लिहीत असतो. मग आपले लेकरू मागच्या बाकावर सरकते. येथेच सावध व्हावे. पुढच्या बाकावर बसावे. रोज त्या त्या विषयातले दहा शब्द वहीत लिहून त्यांचा अर्थ मराठीत लिहावा. तास संपल्यावर गुरुजींना गाठून मराठीत विचारावे. बहुतेक प्राध्यापक आपल्याच भागातले असतात आणि ते आनंदाने सांगतात. दसऱ्यापर्यंत कान तयार होतो. तोपर्यंत धीर सोडू नये.

कोणी मोठी मुले छळ करीत असतील, तर ते सहन करण्याचे कारण नाही. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर देशभरातून तक्रार करता येते.

फोनवर काय बोलावे

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. माझ्या ओळखीचे एक कास्तकार आहेत. मुलगा इंजिनिअरिंगला. बाप रोज सांजेला फोन करी आणि दर वेळी बोलणे एकाच वळणावर येई. “औंदा कापसाला भाव नाही, तरी तुले पैसे धाडले. ध्यान ठेवजो, बापू.” मुलगा म्हणे, “हो बाबा.” पहिल्या सत्रात त्याचे दोन विषय गेले. ते सांगण्याचे धाडस त्याला झाले नाही. पुढच्या सत्रात तीन विषय राहिले. मग तो फोन उचलेना. पोळ्याला घरी आला नाही, दिवाळीलाही काही निमित्त सांगितले. आईच्या मनात पाल चुकचुकली. तिने नवऱ्याला निक्षून सांगितले, की जा आणि पोराला पाहून या, पण रागावू नका.

बाप डबा घेऊन खोलीवर गेला. मुलगा वाळून गेला होता. सारे ऐकून घेतल्यावर तो एवढेच म्हणाला, “एका हंगामाचं पीक बुडालं म्हणून आपण वावर टाकून देत नाही ना रे?” त्या रात्री बापलेक एकत्र जेवले. दुसऱ्या दिवशी दोघे महाविद्यालयात गेले, राहिलेल्या विषयांचे फॉर्म भरले. एक वर्ष गेले, पण मुलगा वाचला.

मंडळी, बापाचे बोलणे खोटे नव्हते. भाव खरोखरच पडलेला होता. पण घरची अडचण मुलाला एकदा समजावून सांगणे वेगळे आणि रोज त्याच्या डोक्यावर ठेवणे वेगळे. रोज ऐकून तो अधिक अभ्यास करीत नाही, अधिक लपवू लागतो. म्हणून फोनवर आधी विचारावे, जेवला का, झोप होते का, नवा मित्र कोण मिळाला. गुणांचे नंतर. घरचे सांगायचे तर गाय व्याली, विहिरीला पाणी आले, आजी आठवण काढते, असे सांगावे. आणि एक वचन मुलाकडून घ्यावे व स्वतःही द्यावे. कितीही वाईट बातमी असो, ती पहिल्यांदा घरी सांगायची, आणि घरच्यांनी ती ऐकताना ओरडायचे नाही.

मूल फार गप्प राहू लागले, जेवण टाकू लागले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर ते नाटक समजू नये. त्याच दिवशी नागपूरची एसटी धरावी. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. हा क्रमांक मुलाच्या आणि तुमच्याही फोनमध्ये असू द्यावा.

मुलींच्या आई-बापांना

मुलगा असता तर पाठवला असता, असे अजूनही ऐकू येते. ज्या घरात मुलीचे गुण भावापेक्षा चांगले आहेत तेथेसुद्धा. राज्य शासनाने २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा. एसटीत २०२३ च्या मार्चपासून महिलांना निम्मे तिकीट आहे, म्हणजे महिन्यातून एकदा घरी येणेही परवडते. वसतिगृह पाहायला आईने स्वतः यावे, तेथे राहणाऱ्या मुलींशी बोलावे, अधीक्षिकेचा फोन घ्यावा. अडचणीत ११२ हा क्रमांक आहे. भीती खरी असते, पण तिच्यावर उपाय बंदोबस्ताचा करावा, शिक्षण थांबवण्याचा नव्हे.

नागपूरच्याही पुढे

आज कास्तकारांची मुले नागपूरहून पुढे जर्मनीला, अमेरिकेलाही जाऊ लागली आहेत. त्यांनाही हीच यादी पुरते. कागद, खोली, अन्न, पैसा आणि मन मोकळे करायला एक माणूस. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेत गेल्या, तेव्हा कार्पेंटर नावाच्या बाईंनी त्यांना मुलीसारखे घरी ठेवून घेतले. पुढे फिलाडेल्फियाची थंडी आणि आहाराची आबाळ त्यांच्या प्रकृतीला मानवली नाही. १८८६ मध्ये पदवी मिळाली, परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची २२ वर्षे पुरी होण्याआधीच, त्या क्षयाने गेल्या. परक्या देशात माणूस भेटला तर बळ येते, पण देहाची हेळसांड विद्येने भरून निघत नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रातून घ्याव्यात. लंडनला १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, इतरही मोठ्या शहरांत अशी मंडळे आहेत. गेल्याबरोबर तेथे ओळख करून घ्यावी.

तेव्हा या महिन्यात पेरणी आटोपली की एक दिवस काढा. मुलाबरोबर नागपूरला या, खोली पाहा, घरमालकाशी बोला, खानावळीत एक वेळ स्वतः जेवा. शेजारच्या दोन माणसांची ओळख करून द्या. परत जाताना मुलाच्या हाती पैसे द्याच, पण सोबत एवढेही सांगा, की घरचे दार तुझ्यासाठी कोणत्याही निकालानंतर उघडे आहे.

शिष्यवृत्ती किंवा कागदपत्रांविषयी कोणाला शंका असल्यास संपादकांच्या पत्त्यावर पत्र पाठवावे, या सदरातून उत्तर देईन. पुढील अंकी कपाशीतील तणांचा बंदोबस्त आणि पहिली डवरणी केव्हा करावी, ते पाहू.